कागदावरचे उत्पन्न आणि गल्ल्यातली कमाई

नोकरदार बापाकडून मुलाची पोटगी ठरवताना न्यायालयाला उत्पन्नाचे कोडे फारसे पडत नाही. पगारपत्रक मागवले की आकडा समोर येतो. स्वतःचा धंदा असलेल्या पालकाचे तसे नसते. दुकानदार, ठेकेदार, दवाखाना चालवणारा डॉक्टर, टेम्पोमालक, द्राक्षबागायतदार या सगळ्यांचे उत्पन्न किती, हे सांगणारा पहिला माणूस तो स्वतःच असतो. पावती तोच फाडतो, वही तोच लिहितो, गल्ल्याची किल्लीही त्याच्याच कमरेला असते. संसार मोडेपर्यंत घरात ‘धंदा चांगला चाललाय’ असे सांगणारा हाच माणूस पोटगीची नोटीस आली की ‘धंदा बसलाय’ असे शपथेवर लिहून देतो.

या एका वाक्याची किंमत मूल मोजते. शाळेची फी, दमा असेल तर औषधे, पावसाळ्यापूर्वी घ्यायचे बूट आणि दप्तर यांतले काहीही बापाच्या विवरणपत्राची वाट पाहत थांबत नाही. म्हणून धंदेवाल्या पालकाची खरी कमाई कशी शोधायची, हे आईने, तिच्या वकिलाने आणि खरे तर प्रत्येक सुजाण नागरिकाने समजून घ्यायला हवे. (धंदा आईचा असेल आणि मूल बापाकडे असेल, तरी हेच नियम लागू होतात. दावे बहुतेक वेळा उलट दिशेने येतात, म्हणून या प्रकरणात ‘बाप’ हा शब्द वापरला आहे.) सगळ्या शोधाचा पाया एकच आहे : उत्पन्नाचा आकडा सांगणाऱ्याच्या हातात असतो, खर्चाच्या खुणा मात्र दुसऱ्यांच्या दप्तरात उमटतात.

विवरणपत्र काय सांगते

‘माझे आयकर विवरणपत्र पाहा’ हे बचावाचे पहिले वाक्य असते. पाहावे जरूर, पण ते कशासाठी भरलेले असते हेही लक्षात ठेवावे. करासाठी धरलेले उत्पन्न आणि घर चालवायला हाताशी असलेला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

छोट्या व्यावसायिकांसाठी आयकर कायद्यात अंदाजित उत्पन्नाची योजना आहे. तिच्यात हिशेबाच्या सविस्तर वह्या ठेवाव्या लागत नाहीत. उलाढालीच्या किमान ८ टक्के, आणि बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर ६ टक्के, इतका नफा दाखवला की काम भागते. एक कोटीची उलाढाल पूर्णपणे डिजिटल असेल, तर सहा लाखांचे उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरता येते. प्रत्यक्षात त्या धंद्यात पंधरा टक्के सुटत असतील, तर हातात पंधरा लाख आलेले असतात. म्हणजे विवरणपत्रातला आकडा ही कायद्याने घालून दिलेली किमान पातळी असू शकते, प्रत्यक्ष मोजलेला नफा नव्हे. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद अशा व्यावसायिकांसाठीच्या योजनेत जमेच्या किमान ५० टक्के रक्कम उत्पन्न धरली जाते. मालमोटारींच्या मालकांसाठी तर दर गाडीमागे महिन्याला ठरावीक रक्कम धरतात, मग गाडी महिन्यातून चार खेपा करो की चोवीस.

जिथे नफातोटा पत्रक असते, तिथे खर्चाच्या बाजूची प्रत्येक ओळ वाचावी. पहिली ओळ घसाऱ्याची. बारा लाखांची मोटार धंद्याच्या नावावर घेतली, तर १५ टक्के दराने पहिल्या पूर्ण वर्षाचा घसारा १ लाख ८० हजार होतो. कागदावर उत्पन्न तेवढ्याने घटते, खिशातून मात्र त्या नावाने एक रुपयाही जात नाही. दुसरी ओळ पगारांची : घरी बसलेल्या आईला ‘व्यवस्थापक’ म्हणून पगार, भावाला ‘सल्ला शुल्क’. तिसरी भाड्याची : दुकानाचे भाडे वडिलांना, आणि वडील राहतात त्याच घरात. मग पेट्रोल, मोबाइल, प्रवास, हॉटेल यांची बिले, ज्यांत घरचा खर्च धंद्याच्या नावाने चुकता झालेला असतो. करकायद्यात यातले काही बसतही असेल. पण पोटगी ठरवताना प्रश्न वेगळा असतो : या माणसाच्या हातात मुलासाठी देता येण्यासारखे किती उरते? अशा ओळी नफ्यात परत मिळवल्या की चित्र बदलते.

वर्षांची तुलनाही बोलकी असते. वेगळे होण्याआधीची तीन वर्षे आणि नंतरची वर्षे शेजारी शेजारी मांडावीत. बाजार तोच, दुकान तेच, कामगार तेच, आणि उत्पन्न नेमके नोटीस मिळाल्याच्या वर्षी निम्म्यावर आले असेल, तर त्याचे कारण सांगण्याची जबाबदारी त्या पालकाची आहे.

खर्चावरून कमाईकडे

शिकागोचा गुंड अल कपोन याच्यावर १९३१ मध्ये करचुकवेगिरीचा खटला चालला, तेव्हा सरकारपुढे हीच अडचण होती. त्याच्या नावावर बँकखाते नव्हते, त्याने विवरणपत्रे भरलेली नव्हती. जुगाराच्या अड्ड्याच्या वह्या हाती लागल्या, आणि त्याच्या जोडीला सरकारी वकिलांनी त्याचा खर्च मांडला : कपडे, फर्निचर, हॉटेलांची बिले, मायामीतल्या घराचा टेलिफोन. एवढा खर्च करणाऱ्याला उत्पन्न असलेच पाहिजे, हा युक्तिवाद टिकला आणि त्याला ११ वर्षांची शिक्षा झाली. पुढे १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वाढलेल्या मालमत्तेवरून उत्पन्न काढण्याची पद्धत मान्य केली, पण एक अटही घातली : सुरुवातीला त्या माणसाकडे किती होते हे आधी पक्के करा, नाहीतर ‘पैसा जुनाच साठवलेला होता’ हा बचाव उभा राहतो. भारताच्या आयकर कायद्यातही खुलासा न होणारा खर्च आणि खुलासा न होणारी गुंतवणूक उत्पन्नात धरण्याची तरतूद अनेक दशके आहे.

पोटगीच्या दाव्यात याच पद्धतीचा घरगुती अवतार वापरता येतो. समजा, फरशी बसवण्याची कंत्राटे घेणाऱ्या एका बापाने वार्षिक उत्पन्न ४ लाख २० हजार, म्हणजे महिना ३५ हजार दाखवले आहे. आता त्याचे दरमहाचे खर्च मांडू, आणि तेही फक्त ज्यांचा कागद मिळतो तेवढेच.

फ्लॅटचा हप्ता २३,००० रुपये. पिकअप गाडीचा हप्ता १४,५००. क्रेडिट कार्डाचे सरासरी बिल १६,०००. विम्याचा वार्षिक हप्ता ६०,०००, म्हणजे महिना ५,०००. सोसायटीचा आकार आणि वीजबिल मिळून ६,५००. बेरीज होते ६५,०००, वर्षाला ७ लाख ८० हजार.

दाखवलेले उत्पन्न आणि सिद्ध झालेला खर्च यांत ३ लाख ६० हजारांचे अंतर पडले. यात किराणा, डिझेल, कपडे, सणवार काहीच धरलेले नाही. आता बापापुढे तीनच वाटा उरतात : कर्ज काढले असे दाखवणे, कुणी मदत केली असे दाखवणे किंवा कमाई जास्त आहे हे मान्य करणे. कर्ज आणि मदत यांचाही माग बँकेत सापडतो. पिकअपचा हप्ता धंद्याच्या खर्चात आधीच वजा केलेला असेल तर तो या बेरजेतून काढावा, नाहीतर समोरचा वकील नेमके तेच दाखवून सगळी मांडणी खोटी ठरवेल. पण तो काढला तरी वर्षाचा खर्च ६ लाख ६ हजार राहतो. हिशेब कठोरपणे स्वतःविरुद्ध तपासला की तो न्यायालयात टिकतो.

बँक, क्यूआर कोड आणि कर्जाची फाइल

बँकेच्या उताऱ्यातून उत्पन्न काढताना जमेच्या सगळ्या रकमांची नुसती बेरीज करणे ही नेहमीची चूक असते. स्वतःच्या एका खात्यातून दुसऱ्यात वळवलेले पैसे, मिळालेले कर्ज, न वटलेले धनादेश, मोडलेली ठेव हे सारे वजा केल्यावर उरते ती धंद्याची जमा. ती वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रांतल्या उलाढालीशी आणि आयकराच्या विवरणपत्रातल्या उलाढालीशी ताडून पाहावी. तिन्ही आकडे एकमेकांशी जुळायला हवेत. जुळत नसतील तर त्यातला सर्वांत मोठा आकडा उलटतपासणीत प्रश्नांचा विषय होतो.

रोख धंदा पूर्वी जवळपास अदृश्य असायचा. यूपीआय आल्यापासून गल्ल्याचा मोठा भाग नोंदीत आला आहे. पण दुकानाच्या काउंटरवरचा क्यूआर कोड कुणाच्या खात्याचा आहे, हे तपासायला हवे. दहा रुपयांची वस्तू घेऊन पैसे पाठवताना पडद्यावर नाव उमटते. ते भावाचे किंवा आईचे असेल, तर कोणत्या खात्याचा उतारा मागायचा हे कळले. जिथे अजूनही रोख चालते, तिथे कच्च्या मालाकडून उलटे जाता येते. वडापावच्या गाडीवर महिन्याला किती पाव आणि तेल लागले, ठेकेदाराने किती पोती सिमेंट उचलले, यावरून विक्रीचा अंदाज बांधता येतो. विक्रेत्याच्या उधारीच्या वहीत आणि बिलांत ती माहिती असते.

सर्वांत बोलका कागद मात्र कर्जाच्या फाइलमध्ये असतो. कर घटवायचा असतो तेव्हा उत्पन्न कमी दाखवणारा माणूस घरासाठी किंवा यंत्रासाठी कर्ज मागताना ते वाढवून दाखवतो, कारण हप्ता फेडण्याची ऐपत बँकेला पटवायची असते. त्या अर्जात मासिक उत्पन्न, इतर मालमत्ता, कधी सनदी लेखापालाने प्रमाणित केलेला अंदाजित ताळेबंद, असे सगळे सहीनिशी असते. विम्याच्या प्रस्तावातही वार्षिक उत्पन्न लिहावे लागते, आणि परदेशी व्हिसासाठीही आर्थिक ऐपत दाखवावी लागते. एकाच वर्षी दोन ठिकाणी दोन उत्पन्ने लिहिणाऱ्याला त्यातले खरे कोणते, हे शपथेवर सांगावे लागते.

आयकर खात्याकडून करदात्याला मिळणारे वार्षिक माहिती पत्रक, म्हणजे एआयएस, हाही महत्त्वाचा कागद आहे. कापलेला कर, व्याज, लाभांश, शेअर आणि म्युच्युअल फंडांचे व्यवहार, मोठ्या मालमत्तेची खरेदी, बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा अधिक रोख भरली असेल तर तीही नोंद त्यात येते. तो कागद बाप स्वतःच्या लॉगिनमधून काही मिनिटांत काढू शकतो. म्हणून ‘माझ्याकडे नाही’ हे उत्तर चालत नाही.

खुली दप्तरे

काही माहितीसाठी न्यायालयाच्या आदेशाचीही गरज नसते. सातबारा आणि आठ-अ महाभूलेखवर पाहता येतात. फेरफाराच्या नोंदी पाहिल्या की दावा दाखल होण्याच्या आसपास जमीन भावाच्या नावे बक्षीसपत्राने गेली का, ते कळते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमध्ये खरेदीखते आणि सूची क्रमांक दोन सापडते. तिथे व्यवहाराची रक्कम, बाजारमूल्य आणि दोन्ही बाजूंची नावे असतात. जीएसटी क्रमांकावरून धंद्याचे नोंदणीकृत नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि विवरणपत्रे भरली जातात की नाही, हे कुणालाही पाहता येते. कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालकांची नावे, तारण ठेवलेली मालमत्ता आणि शुल्क भरून वार्षिक ताळेबंद मिळतो. बांधकाम व्यावसायिक असेल तर महारेराच्या नोंदी आहेत.

शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्यामुळे तिथे दोन्ही प्रकार घडतात. कुणी धंद्याचे पैसे शेतीच्या नावावर दाखवतो, कुणी बागायत कोरडवाहू म्हणून सांगतो. सातबाऱ्यावरची पिकाची आणि पाण्याच्या साधनाची नोंद, साखर कारखान्याची उसाची बिले, बाजार समितीतल्या अडत्याची पट्टी, दूध संघाने खात्यावर जमा केलेली बिले, पीककर्जासाठी दिलेली पीकनिहाय माहिती यांतून शेताचे खरे चित्र उभे राहते.

शोधाला मर्यादा मात्र पाळावी. नवऱ्याचा ईमेल पासवर्ड फोडणे, त्याच्या फोनमध्ये चोरून ॲप टाकणे, बँकेच्या ओळखीच्या कर्मचाऱ्याकडून उतारा मिळवणे हे गुन्ह्याच्या वाटेला नेते आणि मूळ दाव्याचेच नुकसान करते. घरात दिसलेल्या कागदाची तारीख, बँकेचे नाव, खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे एवढे लिहून ठेवले तरी पुढे तो कागद रीतसर मागवता येतो.

न्यायालयात काय मागायचे

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातून गेलेल्या दाव्यात लागला. नागपूरच्या एका पत्नीने आणि लहान मुलाने २०१३ मध्ये अंतरिम पोटगी मागितली. कौटुंबिक न्यायालयाने २०१५ मध्ये आदेश दिला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो कायम ठेवला आणि प्रकरण दिल्लीला पोचले. सर्वोच्च न्यायालयाने पतीला २००५-०६ पासूनची विवरणपत्रे आणि पासपोर्टची प्रत सादर करायला सांगितले. ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. पोटगीच्या प्रत्येक दाव्यात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि दायित्वे यांचे शपथपत्र ठरावीक नमुन्यात द्यायचे. ग्रामीण आणि शेतकरी पक्षकारांसाठी वेगळा नमुना. स्वतःचा धंदा असणाऱ्याने तो एकट्याचा आहे, भागीदारीचा की कुटुंबाचा, त्यात वाटा किती, निव्वळ उत्पन्न किती, हे सांगायचे. उत्तर आणि शपथपत्र चार आठवड्यांत यावे, अंतरिम पोटगीचा निर्णय चार ते सहा महिन्यांत व्हावा, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी.

ही तत्त्वे खालच्या न्यायालयांत नीट पाळली जात नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२३ मध्ये एका लहान मुलीच्या पोटगीच्या दाव्यातच पुन्हा सांगावे लागले. म्हणून नमुन्यातला रकाना रिकामा ठेवलेले किंवा ‘लागू नाही’ असे लिहिलेले शपथपत्र आले, तर पहिल्याच तारखेला लेखी हरकत घ्यावी.

पुढची पायरी नेमक्या मागणीची. ‘प्रतिवादीने सर्व कागद सादर करावेत’ हा अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता मोठी. ‘अमुक बँकेच्या अमुक शाखेतील चालू खात्याचा, वेगळे होण्यापूर्वीच्या तीन वर्षांपासून आजपर्यंतचा उतारा’ असा अर्ज टिकतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ खाली लेखी प्रश्नावली देता येते आणि कागद हजर करायला लावता येतात. बँकेच्या अधिकाऱ्याला साक्षी समन्स काढून कर्जाची फाइल मागवता येते. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १४ नुसार वाद सोडवायला उपयोगी पडेल असा कागद पुराव्याच्या तांत्रिक नियमांत बसत नसला तरी न्यायालय तो पाहू शकते.

तरीही बाप गप्प राहिला तर? जी गोष्ट खास एखाद्याच्याच माहितीतली आहे, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो. पुरावा कायद्यातले जुने कलम १०६ हे सांगत होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम १०९ आहे. हाताशी असलेला पुरावा दडवणाऱ्याविरुद्ध न्यायालय प्रतिकूल अनुमान काढू शकते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्टच नोंदवले की स्वयंरोजगारात असणाऱ्यांचे खरे उत्पन्न कधीच पुढे येत नाही, म्हणून राहणीमानावरून न्यायालयाला अंदाज बांधावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ मध्ये मान्य केले होते की एक बाजू उत्पन्न फुगवते, दुसरी दडपते, आणि अशा वेळी गणिती अचूकपणा शक्य नसतो. शपथपत्रात जाणूनबुजून खोटे लिहिणे हा गुन्हा आहे, याचीही बापाला वेळेवर आठवण करून द्यावी.

आणि जेव्हा धंदा खरेच बसलेला असतो

प्रत्येक कमी आकडा खोटा नसतो. अवकाळी पावसाने द्राक्षबाग जाते, मोठे गिऱ्हाईक बिल बुडवते, नवा मॉल जुन्या दुकानाचा गल्ला खातो. अशा बापावर काल्पनिक उत्पन्न लादले तर तो हप्ते थकवतो, त्याच्यावर वॉरंट निघते आणि मुलाला शेवटी काहीच मिळत नाही. हंगामी धंद्यात एका वर्षाऐवजी तीन वर्षांची सरासरी धरावी. आईनेही स्वतःची कमाई, शिवणकामाची असो वा शिकवण्यांची, उघड लिहावी. शपथपत्र दोघांचे असते. मुलाच्या खर्चाची यादी फीच्या पावत्यांनिशी द्यावी, कारण गरजेचा आकडा पक्का असला की उत्पन्नाच्या आकड्याबद्दलचा घोळ निम्मा कमी होतो.

सध्या हे सारे शोधकाम करते ती आई : एका हातात मूल, दुसऱ्या हातात तारखांची डायरी, आणि वकिलाची फी उसनी आणलेली. ब्रिटनमध्ये मुलांच्या पोटगीची सरकारी यंत्रणा करखात्याकडून थेट उत्पन्नाचा आकडा घेते, आणि पालकाने कमाई दुसरीकडे वळवली असेल तर ती मोजण्याची तरतूदही तिच्याकडे आहे. तिथेही धंदेवाले पालक निसटतात, पण निदान पहिला कागद आणण्याचे ओझे आईवर पडत नाही. आपल्याकडे दिवाणी संहितेच्या आदेश २६ खाली हिशेब तपासण्यासाठी आयुक्त नेमण्याची सोय आजही आहे. प्रत्येक कौटुंबिक न्यायालयाने लेखापालांची एक यादी तयार ठेवावी, वादग्रस्त धंद्याचा हिशेब ठरावीक मुदतीत तपासून घ्यावा, आणि त्याचा खर्च आकडे दडवणाऱ्यावर टाकावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. आहे तो कायदा मुलाच्या बाजूने वापरण्याची इच्छा लागते, आणि ती मागण्याचा हक्क प्रत्येक अर्जदार आईला आहे.